वर्गात सगळ्यांचा सहभाग कसा वाढवायचा? शिक्षक, पालक आणि विद्यार्थ्यांना पडणारे प्रश्न

शाळा, कॉलेज, शिकवणी, युवा शिबिर अशा कुठल्याही ठिकाणी वेगवेगळ्या घरांतली, भाषांतली, क्षमतांची मुलं एकत्र आली की काही मोजकीच बोलतात आणि बाकीची बघत राहतात. असं का होतं आणि ते बदलायचं कसं, याबद्दल पुन्हा पुन्हा विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरं इथे आहेत. या सगळ्या उत्तरांमागे माझं एक ठाम मत आहे. मूल बोलतं की गप्प बसतं, हे त्याच्या स्वभावावर जेवढं अवलंबून असतं, त्याहून कितीतरी जास्त आपण तास कसा आखलाय यावर असतं. म्हणून आधी तासाची आखणी बदलून बघा, मुलाला बदलायचं नंतर बघू.

आमच्याकडे प्रवेश सगळ्यांनाच मिळतो. मग आणखी वेगळं काय करायचं?

प्रवेशानं फक्त दार उघडतं. १९९४ साली स्पेनमधल्या सालामांका शहरात ९२ देशांची सरकारं आणि २५ आंतरराष्ट्रीय संस्था जमल्या होत्या. मुलाची शारीरिक, बौद्धिक, सामाजिक किंवा भाषिक स्थिती काहीही असली तरी सर्वसाधारण शाळेनं त्याला सामावून घेतलं पाहिजे, असं तिथल्या जाहीरनाम्यात स्पष्ट म्हटलं आहे. त्यातली महत्त्वाची गोष्ट अशी की जुळवून घेण्याची जबाबदारी शाळेवर टाकली आहे, मुलावर नाही.

पटावर नाव आहे, हजेरी पूर्ण आहे, पण वर्षभरात त्या मुलाला कुणी एक खरा प्रश्न विचारला नाही, असं सर्रास घडतं. प्रयोगाच्या साहित्याला त्याचा हात लागला का? त्यानं मांडलेला मुद्दा दुसऱ्या कुणी पुढे नेला का? काही ठरवताना त्याचं मत घेतलं का? सहभाग आहे की नाही ते या प्रश्नांच्या उत्तरांवरून कळतं.

काही मुलं मुळातच अबोल असतात. त्यांच्यामागे का लागायचं?

मागे लागूच नका. सहभाग म्हणजे मोठ्यानं बोलणं, असं समीकरण आपण उगाच करून बसलोय. लिहून देणं, आकृती काढणं, शेजारच्याला समजावणं, दुसऱ्याचं म्हणणं नीट ऐकून त्यावर नेमका प्रश्न विचारणं, हाही सहभागच आहे. त्याला गुण आणि दाद मिळत नाही, ती मिळायला हवी.

पण एक फरक मात्र ओळखा. शांत असणं वेगळं आणि गप्प केलं जाणं वेगळं. शांत मूल मधल्या सुट्टीत, जोडीत, वहीत मोकळं होतं. गप्प केलं गेलेलं मूल कुठेच मोकळं होत नाही. कधीतरी कुणी त्याच्या उच्चारावर हसलेलं असतं, किंवा त्याचं उत्तर दरवेळी अर्ध्यावर तोडलं गेलेलं असतं. ‘ती मुळातच अबोल आहे’ असं म्हणण्याआधी, ती कुठे आणि कोणासोबत बोलते, हे एकदा बघा.

दर वेळी तीच चार मुलं हात वर करतात. काय करू?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, म्हणून जरा सविस्तर.

आधी घड्याळाकडे बघा. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेनं १९७०च्या दशकात वर्गातल्या ध्वनिमुद्रणांचा अभ्यास केला. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदभरच थांबतात, असं तिला आढळलं. एका सेकंदात उत्तर देऊ शकणारी मुलं कोणती? ज्यांना ते आधीच ठाऊक आहे आणि चुकायची भीती नाही, तीच. बाकीच्यांचा विचार सुरू होईपर्यंत प्रश्न निकालात निघालेला असतो. शिक्षकांनी तीन सेकंद किंवा जास्त थांबायला सुरुवात केली, तेव्हा उत्तरं लांब आणि विचारपूर्वक यायला लागली, ‘माहीत नाही’ कमी झालं आणि ज्यांना ‘कच्ची’ समजलं जात होतं ती मुलंही बोलू लागली.

तीन सेकंद ऐकायला किरकोळ वाटतात. वर्गासमोर उभं राहून थांबून बघा, फार लांब वाटतात. हात चुळबुळतात, प्रश्न पुन्हा वेगळ्या शब्दांत विचारावासा वाटतो. तेवढाच मोह आवरायचा. मनातल्या मनात हळू मोजा. आणि मुलाचं उत्तर संपल्यावरही लगेच ‘बरोबर’ म्हणू नका, तिथेही थांबा. या दुसऱ्या थांबण्याचं महत्त्व रो यांनीच दाखवून दिलंय. मूल पुष्कळदा खरा मुद्दा दुसऱ्या वाक्यात बोलतं, आणि ते दुसरं वाक्य यायच्या आत आपण निकाल देऊन मोकळे होतो.

दुसरा उपाय अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ फ्रँक लायमन यांनी १९८१ साली मांडला. आधी प्रत्येकानं एकट्यानं विचार करायचा, मग शेजारच्याशी बोलायचं, मग वर्गासमोर मांडायचं. यात मधली पायरी फार कामाची आहे. वर्गासमोर बोलण्याआधी आपलं वाक्य एकदा एका माणसावर आजमावून बघता येतं. मांडताना ‘माझ्या जोडीदाराचं म्हणणं असं’ अशी सुरुवात करू दिली, तर चुकण्याचं ओझं आणखी हलकं होतं.

तिसरी गोष्ट प्रश्नाची. ‘कुणाला काही शंका?’ या प्रश्नाला वर्गातून उत्तर येत नाही, कारण शंका विचारणं म्हणजे आपलं अज्ञान जाहीर करणं. ‘यातला सगळ्यात गोंधळात टाकणारा भाग कोणता वाटला?’ असं विचारलं, तर गोंधळ होणं साहजिक आहे असं आपणच आधी मान्य केलेलं असतं.

आणि त्या चार मुलांना गप्प बसवू नका. ती उत्साही आहेत, त्यांनी काही गुन्हा केलेला नाही. त्यांना बाजूला घेऊन सांगा: ‘तुला येतं हे मला माहीत आहे. आता तू दुसऱ्याच्या उत्तरात भर घाल.’ बहुतेक मुलांना ही जबाबदारी आवडते.

नाव पुकारून उत्तर विचारणं योग्य आहे का? मुलं घाबरतात.

कसं विचारता यावर आहे. लक्ष नाही म्हणून पकडायला नाव पुकारलं, तर ती शिक्षाच झाली. पण आधी प्रश्न, मग विचाराला वेळ, मग वहीत दोन ओळी लिहायला मुभा आणि शेवटी नाव, हा क्रम पाळला आणि ‘पुढचं पुढच्या वेळी’ म्हणायची सवलत ठेवली, तर तो न्याय्य मार्ग आहे. चिठ्ठ्या काढून नावं घेतली तर कुणाला मुद्दाम टिपल्यासारखंही वाटत नाही. तोतरेपणा असलेल्या किंवा बोलण्याची तीव्र भीती असलेल्या मुलाशी मात्र आधी खासगीत बोलून ठेवा. त्याच्यासोबत एखादी खूण ठरवा, किंवा कोणता प्रश्न त्याच्याकडे येणार हे आदल्या दिवशीच सांगा.

गटकार्य दिलं की एक-दोघंच काम करतात. मग गट कशाला?

गट पाडले म्हणजे सहभाग आला, हा मोठा गैरसमज आहे. पाच जणांचा एक गट डोळ्यांसमोर आणा. टेबलावर सेल, तारा, छोटा दिवा. दोघांनी साहित्य आपल्याकडे ओढलंय, तिसरा त्यांच्या खांद्यावरून वाकून सूचना देतोय. चौथीच्या हातात कागद आहे, कारण तिचं अक्षर चांगलं आहे. ती शीर्षक लिहिते, त्याभोवती चौकट काढते, मग चौकटीला दुसरी रेघ मारते. पाचवा नवीन आलाय, भाषा अजून सरावाची नाही. तो तारेचा एक सुटा तुकडा बोटाला गुंडाळतोय आणि सोडतोय. दिवा लागतो. पूर्ण गटाला पूर्ण गुण मिळतात. त्या मुलीला आणि त्या मुलाला विजेचं मंडल जोडता येतं का, हे कुणालाच कळत नाही. त्यांना स्वतःलाही नाही.

यावरचा सगळ्यात नावाजलेला उपाय मानसशास्त्रज्ञ एलियट अरॉन्सन यांचा. १९७१ साली अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात शाळांमधलं वांशिक विभाजन संपत होतं. गोरी, कृष्णवर्णीय आणि लॅटिन अमेरिकी वंशाची मुलं पहिल्यांदाच एका वर्गात बसत होती आणि वातावरण तणावाचं होतं. अरॉन्सन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वर्गातली स्पर्धाच काढून टाकायचं ठरवलं. धड्याचे भाग करायचे, गटातल्या प्रत्येकाला एकच भाग द्यायचा. मग वेगवेगळ्या गटांतली, एकच भाग मिळालेली मुलं एकत्र बसून तो पक्का करतात आणि आपापल्या गटात परतून बाकीच्यांना शिकवतात. चित्रकोड्याच्या तुकड्यांसारखा धडा जुळतो, म्हणून या पद्धतीला ‘जिगसॉ’ म्हणतात. इथे ज्याला आतापर्यंत कुणी विचारत नव्हतं, त्याच्याकडेच परीक्षेला लागणारा एक भाग असतो. त्याला चिडवून चालत नाही, नीट प्रश्न विचारून त्याच्याकडून माहिती काढून घ्यावी लागते.

ज्याला वाचायलाच त्रास होतो त्याचं काय? त्यासाठीच ती मधली बैठक आहे. तिथे तो इतरांचं ऐकतो, आपलं सांगणं घोळवतो आणि तयारीनिशी गटात जातो. ही बैठक वेळ वाचवण्यासाठी गाळली, तर तेच मूल सगळ्यांसमोर उघडं पडतं. ती कधीही गाळू नका.

एलिझाबेथ कोहेन यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात गटकार्यावर पुष्कळ काम केलं. त्यांचं निरीक्षण असं की गटात कुणाचं ऐकलं जातं हे ज्ञानावर ठरत नाही. हुशार कोण, लोकप्रिय कोण, याबद्दल मुलांनी आधीच बांधलेल्या समजुतींवर ते ठरतं. यावर त्यांनी सुचवलेला उपाय मला फार मोलाचा वाटतो. खालच्या मानल्या गेलेल्या मुलानं काही खरोखर चांगलं केलं, की ते सगळ्यांसमोर आणि नेमक्या शब्दांत सांगायचं. ‘छान’ म्हणून भागत नाही. ‘तार उलटी जोडली तरी दिवा का लागतो, हे हिनं तपासून पाहिलं. या गटाला पुढे त्याची गरज पडणार आहे,’ असं म्हणायचं. कौतुक खोटं असेल तर मुलं लगेच ओळखतात, म्हणून ते खरंच दिसेपर्यंत वाट बघायची.

वेगवेगळ्या समाजांतली मुलं एकत्र बसवली की आपोआप मैत्री होईल ना?

आपोआप होईलच असं नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ साली यासाठी चार अटी मांडल्या: दोन्ही बाजूंना सारखा दर्जा, सामायिक ध्येय, एकमेकांच्या मदतीनं काम आणि वरच्यांचा उघड पाठिंबा. यातलं काहीच नसताना नुसतं शेजारी बसवलं, तर जुने पूर्वग्रह आणखी घट्ट होऊ शकतात. चौथी अट आपण विसरतो. मुख्याध्यापक आणि शिक्षक स्वतः कोणाशी कसं बोलतात, यावर मुलांची बारीक नजर असते.

अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्याला चर्चेत कसं सामावून घ्यायचं?

सुरुवात त्याला किंवा तिला विचारण्यापासून करा: ‘तुला काय सोयीचं पडेल?’ हे न विचारताच बहुतेक सोयी केल्या जातात आणि मग त्या वापरल्या जात नाहीत.

संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २००६च्या करारात कलम २४ शिक्षणाबद्दल आहे. त्यात सर्वसमावेशक शिक्षणाबरोबरच व्यक्तीच्या गरजेनुसार वाजवी सोयी देण्याची जबाबदारी नमूद केलीय. वर्गात याचा अर्थ अगदी साध्या गोष्टींमध्ये दिसतो. फळ्याकडे तोंड करून बोलू नका, ओठ वाचणाऱ्या मुलाचं अर्धं वाक्य तिथेच हरवतं. चर्चेत एका वेळी एकानंच बोलायचं आणि बोलण्याआधी हात करायचा, म्हणजे ऐकू कमी येणाऱ्या मुलीला कुणाकडे बघायचं ते कळतं. फळ्यावर लिहिताना ते मोठ्यानं वाचा. ‘हे इथून तिथे’ असं न म्हणता काय कुठे ते नावानं सांगा. तक्त्यात फक्त लाल आणि हिरव्या रंगानं फरक दाखवू नका. व्हिडिओ उपशीर्षकांसह लावा. अचानक मोठ्यानं वाचायला उभं करू नका. वाचनात अडखळणाऱ्या मुलाची त्या दोन मिनिटांत जी अवस्था होते, ती तो वर्षानुवर्षं विसरत नाही. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांना आज काय काय होणार याचा क्रम आधी सांगितला, तर पुष्कळ ताण कमी होतो.

यातल्या बहुतेक सोयींचा फायदा सगळ्या वर्गाला होतो. उपशीर्षकं नवी भाषा शिकणारा वाचतो, क्रम फळ्यावर लिहिलेला असला की उशिरा आलेल्यालाही धागा सापडतो.

आणि मदतनीस असेल तर एक पथ्य पाळा. मुलाशी बोलायचं असेल तर मुलाशीच बोला, मदतनिसाकडे बघून ‘याला समजलं का?’ असं विचारू नका.

घरची भाषा वेगळी असलेली मुलं गप्प राहतात. त्यांना शाळेच्या भाषेतच बोलायला लावावं का?

विचार ज्या भाषेत येतो त्या भाषेत येऊ द्या. जोडीत घरच्या भाषेत चर्चा, कच्चं टिपण कुठल्याही भाषेत आणि मांडणी शाळेच्या भाषेत, असे टप्पे केले की विषयही पक्का होतो आणि भाषाही वाढते. सुरुवातीचे काही महिने नवीन भाषेत मूल ऐकतं खूप, बोलतं कमी. तो काळ शिकण्याचाच असतो. त्याला मंदपणा समजू नका. चर्चेसाठी वाक्यांच्या सुरुवाती फळ्यावर लिहून ठेवा: ‘मला हे पटत नाही, कारण…’, ‘तू म्हणालास त्यात मी एवढं जोडेन…’. उच्चार वर्गासमोर सुधारू नका. तोच शब्द आपल्या उत्तरात बरोबर वापरला की पुरे.

मुली आणि मुलगे यांच्यात कामं कशी वाटायची?

फिरती ठेवा. वही, साहित्य, सादरीकरण, आवराआवर, सगळं आळीपाळीनं. कोणाकडे कायम लेखन आणि कोणाकडे कायम उपकरण जातंय, हे एकदा बघितलं की पुढचं काही सांगावं लागत नाही.

घरची परिस्थिती बेताची असलेली मुलं उपक्रमांत दिसत नाहीत. त्यांना आवडच नसते का?

आवड असते, पण परवडत नाही, आणि ते सांगणं त्याहून अवघड असतं. सहलीची वर्गणी, स्पर्धेचा पोशाख, प्रकल्पाचं साहित्य, शाळा सुटल्यानंतर घरी जायला वाहन, असे खर्च कुठल्याच सूचनापत्रात धड लिहिलेले नसतात. काही मुलांना घरी धाकट्या भावंडांना सांभाळायचं असतं किंवा कामाला जायचं असतं. म्हणून उपक्रम शक्यतो शाळेच्या वेळेत ठेवा, साहित्य शाळेचंच द्या आणि सवलत हवी असेल तर ती चारचौघांत मागावी लागणार नाही अशी सोय करा. ‘ज्यांना फी भरता येत नाही त्यांनी हात वर करा’ हे वाक्य कुठल्याही वर्गात उच्चारलं जाऊ नये.

कुणी वर्गात जात, धर्म, वंश, शरीर किंवा लैंगिकतेवरून टोमणा मारला तर?

तिथल्या तिथे थांबवा, आणि थोडक्यात. ‘इथे असं बोललेलं चालणार नाही,’ एवढं शांतपणे म्हणून विषयावर या. न ऐकल्यासारखं करू नका. ज्याला टोमणा बसला, तो त्या क्षणी तुमच्याकडेच बघत असतो. नंतर त्याला एकट्याला भेटा, तो बरा आहे का आणि त्याला पुढे काय व्हायला हवंय ते विचारा. बोलणाऱ्याशीही वेगळं बोला. पुष्कळदा तो ऐकलेलंच बोलत असतो. त्रास वारंवार होत असेल, तर तो छळ आहे. तो नोंदवून शाळेच्या ठरलेल्या पद्धतीनं पुढे न्यायचा, समजुतीवर सोडायचा नाही.

आणखी एक. एखाद्या समाजाचा विषय निघाला की त्या समाजातल्या मुलाकडे ‘तूच सांग’ म्हणून वळू नका. त्यानं आपणहून सांगितलं तर आनंदानं ऐका.

विद्यार्थी परिषद आहे आमच्याकडे. तेवढं पुरेसं नाही का?

परिषदेनं शेवटचा कोणता निर्णय बदलला, ते आठवून बघा. आठवत नसेल तर अडचण आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क संहितेच्या कलम १२ नुसार, आपलं मत बनवू शकणाऱ्या प्रत्येक मुलाला आपल्याशी संबंधित सगळ्या बाबींत ते मांडायचा हक्क आहे आणि वय व समज बघून त्या मताला वजन द्यायचं आहे. मुलांच्या सहभागाचे अभ्यासक रॉजर हार्ट यांनी १९९२ साली युनिसेफसाठी लिहिताना मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. त्यातल्या खालच्या तीन पायऱ्यांना, म्हणजे मुलांना वापरून घेणं, शोभेपुरतं उभं करणं आणि नावापुरतं विचारणं, यांना त्यांनी सहभाग मानलेलंच नाही. स्वागताला हार घेऊन उभी केलेली मुलं कुठल्या पायरीवर आहेत, ते तुम्हीच बघा.

बालहक्कांच्या अभ्यासक लॉरा लुंडी यांची २००७ची मांडणी मला रोजच्या कामात जास्त उपयोगी वाटते. मुलांना बोलायला सुरक्षित जागा हवी, मत मांडायला मदत हवी, ऐकून घेणारा अधिकारी माणूस हवा आणि त्या मताचा काही परिणाम व्हायला हवा. शेवटचं बहुधा राहून जातं. मुलांची मागणी मान्य करता येत नसेल तरी चालेल, पण का नाही ते परत येऊन त्यांना सांगायलाच हवं. प्रतिनिधी निवडतानाही फक्त मतदान ठेवलं तर लोकप्रिय मुलंच येतात, काही जागा चिठ्ठीनं भरा.

ऑनलाइन तासाला कॅमेरा सक्तीचा करावा का?

नको. कॅमेऱ्यात घर दिसतं आणि ते दाखवायचं की नाही हे मुलानं ठरवावं. चॅटमध्ये लिहिणं, मतचाचणी, सामायिक कागदावर एकत्र लिहिणं, हे सगळं हजेरीपेक्षा जास्त सांगून जातं.

यात हुशार मुलांचं नुकसान होत नाही का? आणि अभ्यासक्रम कधी संपवायचा?

दुसऱ्याला समजावून सांगताना स्वतःची समज किती पक्की आहे ते कळतं, त्यामुळे काम नीट आखलं असेल तर पुढे असलेल्या मुलांचाही फायदाच होतो. मात्र त्यांना कायम फुकटचे शिक्षक करून ठेवू नका. त्यांच्या डोक्याला चालना देणारं अवघड कामही त्यांना मिळालं पाहिजे.

वेळेबद्दल खरं सांगायचं तर सुरुवातीला तो जास्त जातो. एका तासात तीनऐवजी दोन प्रश्न होतील. पण शिकवून झालेला आणि मुलांना समजलेला अभ्यासक्रम यांतलं अंतर तपासायला बसलात, की तो वेळ वाया गेलेला वाटणार नाही. सगळं एकदम करायला जाऊ नका. आधी फक्त थांबण्याचा सराव करा.

माझ्या वर्गात कोण मागे पडतंय, हे नेमकं कसं ओळखू?

आठवणीवर विसंबू नका. बैठकीचा आराखडा काढून एखाद्या सहकाऱ्याला मागे बसवा. जो बोलेल त्याच्या नावापुढे रेघ, ज्याला तुम्ही आपणहून विचाराल त्याच्यापुढे ठिपका. तास संपल्यावर कागद बघा. कोणता कोपरा कोरा आहे, तुम्ही वर्गात जिथे उभे राहता तिथूनच सगळे आवाज येतात का, मुलींपुढे ठिपके जास्त की रेघा, हे लगेच दिसतं. जागा बदलून काही दिवसांनी पुन्हा करा.

मी पालक आहे. मुलगी घरी खूप बोलते, शाळेत नाही. काय करू?

‘आज बोललीस का?’ असं रोज विचारू नका, तो तिला रोजचा हिशेब वाटतो. ‘आज काय ऐकून नवल वाटलं?’ असं विचारा. शिक्षकांना भेटाल तेव्हा तक्रार करण्यापेक्षा माहिती द्या: ती कोणत्या विषयावर खुलते, कोणासोबत मोकळी होते, काय झालं की मिटते. ही माहिती शिक्षकाकडे नसते आणि ती मिळाली तर बहुतेक शिक्षक तिचा उपयोग करतात. शाळेतच नव्हे, तर कुठेच बाहेर ती महिनोन् महिने एक शब्दही बोलत नसेल, तर मात्र बालमानसतज्ज्ञांना दाखवा. त्यावर उपचार आहेत.

मी विद्यार्थी आहे, शिक्षक नाही. मला काही करता येईल?

येईल. गटात कुणाचं वाक्य तोडलं गेलं, तर ‘थांब, ती काहीतरी सांगत होती’ एवढं म्हण. कुणी मांडलेली कल्पना दुसऱ्याच्या नावावर जायला लागली, तर मूळ नाव घे. नवीन आलेल्याला नुसतं ‘ये आमच्यात’ म्हणू नकोस, त्याच्या हातात काम दे. तू स्वतः बोलायला कचरत असशील, तर तासाआधी एक प्रश्न वहीत लिहून ठेव आणि तो सुरुवातीच्या पाच मिनिटांतच विचारून टाक. जितका उशीर करशील तितकं बोलणं जड जातं. तेही जमत नसेल तर शिक्षकांना चिठ्ठी लिहून कळव, की मला बोलायचं असतं पण वेळ मिळत नाही.